नवी बंदूक आणि पणतीचे काजळ

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, माझ्या भाच्याची अमेरिकेहून सहा छायाचित्रे आली. फराळाची किंवा आकाशकंदिलाची असतील अशा समजुतीने मी कौतुकाने चष्मा लावला आणि पाहतो तो काय, सहाच्या सहा छायाचित्रे एका बंदुकीची! डावीकडून, उजवीकडून, मागून, पुढून. मुलीच्या लग्नासाठी सुद्धा कोणी एवढी छायाचित्रे धाडत नाही.

भाचा टेक्सासात नोकरीला आहे. कचेरीतल्या मित्रांच्या संगतीने त्याला हरणाच्या शिकारीचा नाद लागला. तिकडे त्याला परवाने आहेत, हंगाम ठरलेले आहेत, तेव्हा तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्याने घेतली होती ती लिव्हरची रायफल. इंग्रजी चित्रपटांत घोड्यावरचे काउबॉय चापाखालची कडी खाली-वर करून भराभर बार काढतात ना, तीच ती. कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर उडते, वर घेतली की नवे काडतूस नळीत बसते.

छायाचित्रांखाली तक्रारीचा पाढा होता. "मामा, एवढे पैसे मोजले आणि हे पाहा. पोलादाची मागची जीभ दस्त्यात जिथे संपते तिथे केसाएवढी फट आहे. बाजूला लाकूड पोलादापेक्षा किंचित वर आलंय. दस्त्यात काळा पट्टा आहे. लिव्हरवर एक ओरखडा आहे. दुकानदार म्हणतो, हल्ली अशाच येतात. पैसे भरलेत, पण ताब्याच्या कागदावर अजून सही केलेली नाही. नको म्हणू का? आप्पाआजोबांच्या बंदुकीचं तुम्ही सांगायचात, म्हणून तुम्हालाच विचारतोय."

मी पालीच्या शाळेतला निवृत्त मास्तर. जनावरावर मी जन्मात बंदूक रोखली नाही. पण नवी बंदूक घेताना माणूस कुठे फसतो हे मला ठाऊक आहे, कारण १९७८ साली आमच्या घरात एक माणूस असाच फसला होता आणि त्याला फसवणारा दुकानदार नव्हता. मी होतो.

वालाचे वावर आणि ठासणीची बंदूक

पाली म्हटले की लोकांना बल्लाळेश्वर आठवतो. अष्टविनायकाची यात्रा करणारी मंडळी येतात, दर्शन घेतात, मागच्या सरसगडाकडे मान वर करून पाहतात आणि पुढच्या गणपतीकडे निघतात. गावात राहणाऱ्यांची पाली थोडी निराळी. पावसाळ्यात भात आणि भात निघाले की त्याच ओलीवर वाल. आमच्या बाजूचे कडवे वाल खाणाऱ्यांना त्याची थोरवी सांगायला नको. पौषात शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, त्यात शेंगा कोंबून, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. ही आमची पोपटी. थंडीच्या रात्री शेताच्या बांधावर बसून पोपटी खाल्ली नाही तो माणूस आमच्याकडे राहिला असे आम्ही मानीत नाही.

मात्र पोपटीची चव जशी आम्हाला कळते तशी रानडुकरांनाही कळते. एका रात्रीत कळप उतरला की सकाळी वावर नांगरल्यासारखे दिसते.

आमचे थोरले काका, ज्यांना सारे घर आप्पा म्हणे, शेत राखीत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा. हवा दमट असली की टोपी नुसती फुटे आणि आतली दारू ढिम्म हलत नसे. तोपर्यंत डुकरे जेवण आटोपून जात.

दुसरी बंदूक घेणे सोपे नव्हते. १९५९चा शस्त्र कायदा १९६२ साली अमलात आला. त्यात शेतीच्या राखणीसाठी मागणाऱ्याला ठासणीची बंदूक मिळते. ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आप्पांनी अलिबागला खेटे घातले. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. अखेर बारा बोअरच्या एकनळीची परवानगी हाती आली. वाचकांनी येथे एक ध्यानात ठेवावे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा झाला आणि त्यासाठी वन खात्याची परवानगी निराळी घ्यावी लागते. आप्पा पापभीरू गृहस्थ. त्यांचा बार आभाळाकडे जाई. आवाजाने कळप पांगला की त्यांचे काम झाले.

बंदुकीच्या पैशासाठी त्यांनी दुभती म्हैस विकली. काकू दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

दोन बंदुका

पालीहून एसटीने खोपोली आणि खोपोलीहून गाडीने मुंबई, असा आमचा प्रवास झाला. बरोबर मी. वय वर्षे एकवीस, नुकताच पदवीधर आणि म्हणून सर्वज्ञ.

दुकानात एकाच कारखान्याच्या, एकाच किमतीच्या दोन एकनळ्या समोर ठेवल्या गेल्या. पहिलीच्या दस्त्याला काळसर पट्टा होता. तिची निळाई, म्हणजे पोलादावर चढवतात तो निळसर-काळा रंग, चापाच्या कड्यापाशी फिकी पडली होती. लाकूड पोलादाच्या कडेला बोटाला जाणवेल इतके वर आलेले होते आणि पोलादी जिभेच्या टोकाशी बारीक फट दिसत होती. दुसरी मात्र आरशासारखी लखलखीत. लाकूड आणि पोलाद जणू एकाच साच्यातून ओतलेले. कुठे रेघ नाही, फट नाही, डाग नाही.

कोपऱ्यात कानस घेऊन बसलेला म्हातारा मिस्त्री उठून आला. त्याने पहिली बंदूक उचलली, दोनदा उघडमीट केली आणि आप्पांच्या हातात दिली. "काका, डोळे मिटून खांद्याला लावा बघू."

आप्पांनी लावली. डोळे उघडले. "बरी बसते," ते म्हणाले.

"मग हीच घ्या."

मी मध्ये पडलो. अजून ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "अहो, पूर्ण पैसे मोजायचे आणि डाग असलेली घ्यायची? उद्या गावात दाखवली तर लोक म्हणतील, जुनीच गळ्यात मारली!"

मिस्त्री हसला आणि परत कानशीकडे गेला. आप्पांनी एकदा त्या बंदुकीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. शिकलेल्या पुतण्याचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी दुसरी घेतली. ती त्यांनी खांद्याला लावूनही पाहिली नाही. बंदुकीचा क्रमांक परवान्यावर चढला, सही-शिक्का झाला आणि आम्ही नव्या नवरीसारखी ती कापडात गुंडाळून घरी आणली. काकूने तिला हळदकुंकू लावले. गावकरी येऊन दस्त्यात तोंड पाहून गेले.

आमच्या शेजारचा सुतार तेवढा काही बोलला नाही. त्याने नख सांध्यावरून फिरवले आणि म्हणाला, "आखाडात काय होतंय बघू." मला वाटले, हा जळतो आहे.

पौषातली रात्र

आषाढाची वाट पाहावी लागली नाही. पौषातच जे व्हायचे ते झाले.

मी सुट्टीला घरी होतो आणि आप्पांबरोबर माळ्यावर बसलो होतो. थंडी अशी की दात वाजत होते. आप्पांनी घोंगडी लपेटून घेतली होती. मध्यरात्रीनंतर वालाच्या वेलांत खसखस सुरू झाली. आप्पांनी बंदूक उचलली, आणि दस्त्याची टाच घोंगडीत अडकली. दुसऱ्यांदा उचलली, पुन्हा अडकली. आप्पा बुटके, आखूड हातांचे. ती बंदूक त्यांना मुळातच लांब होती, त्यात घोंगडीची जाडी. तिसऱ्या वेळी दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावरच टेकला आणि त्याच स्थितीत बार निघाला.

आवाजाच्या पाठोपाठ दुसरा एक आवाज झाला, सुकी फांदी मोडावी तसा. आप्पा "आई गं" म्हणून मागे कलंडले. कंदील वर धरला तर त्यांचा गाल फुटला होता आणि दस्ता मनगटाच्या जागी, जिथे मूठ धरतात तिथे, उभा चिरला होता.

कळप पांगला, पण थोडाच वेळ. पहिल्या बारानंतर दुसरा येत नाही हे जनावरांना लवकर समजते. आम्ही डबे बडवले, ओरडलो, चूड पेटवून धावलो. या बाजूने हाकलावे तर ती त्या बाजूने शिरत. उजाडले तेव्हा वावरात उभी अशी ओळ उरली नव्हती. त्या वर्षी आमच्या बांधावर पोपटी लागली नाही. म्हैस गेली होती, वाल गेले होते आणि चकचकीत बंदूक दोन तुकडे होऊन कोनाड्यात पडली होती.

आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

काजळाची परीक्षा

बंदूक परत देण्याची सोयच नव्हती. प्रत्येक बंदुकीवर कारखान्याचे नाव आणि क्रमांक असलाच पाहिजे असा कायदा आहे आणि तो क्रमांक आप्पांच्या परवान्यावर चढला होता. एकदा सही झाली की वस्तू तुमची. तेव्हा दुरुस्तीसाठी परवानगीचे कागद घेऊन आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. गालावर खपली असलेल्या आप्पांना पाहून म्हातारा मिस्त्री उठला. "मी सांगितलं होतं" असे तो म्हणाला नाही. हे त्याचे थोरपण माझ्या मनात कायमचे राहिले आहे.

त्याने दस्ता सोडवला. मग एक तेलाची चिमणी पेटवली आणि पोलादाचा मागचा भाग त्या धुरावर धरून काजळी धरू दिली. काळे झालेले पोलाद त्याने दस्त्याच्या खाचेत हलकेच दाबून बसवले आणि पुन्हा काढले.

"बघा, मास्तर," तो मला म्हणाला. मी तेव्हा मास्तर झालो नव्हतो, पण माझे रूप तसे असावे. "जिथं पोलाद लाकडाला टेकतं तिथं काजळ उमटतं."

मी पाहिले. दस्त्याच्या पुढच्या सपाट तोंडावर, जिथे पोलादाने पूर्ण अंग टेकायला हवे, तिथे लाकूड कोरे होते. काजळ उमटले होते ते फक्त एका जागी, पोलादी जिभेच्या अगदी टोकाशी.

मग त्याने जे समजावले ते मी पुढे तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवताना उदाहरण म्हणून सांगत आलो. बार निघाला की गोळी पुढे जाते आणि बंदूक तितक्याच नेटाने मागे येते. हा धक्का पोलादाकडून लाकडात जातो. लाकडाचे तोंड रुंद आणि सपाट असेल, पोलाद त्याला सगळीकडून टेकलेले असेल, तर धक्का वाटला जातो आणि लाकूड तो सहन करते. पण तोंडाशी पोकळी आणि टेका फक्त जिभेच्या टोकाशी असेल तर ती जीभ पाचरीचे काम करते. ओंडका फोडताना आपण पाचर ठोकतो ना, तसे प्रत्येक बारागणिक आप्पांची बंदूक आपलाच दस्ता फोडीत होती. म्हणून जाणता कारागीर जिभेच्या टोकामागे मुद्दाम केसाएवढी फट ठेवतो. मला दुकानात खुपलेली फट ती हीच.

"आणि इथं?" मी विचारले. आमच्या बंदुकीला तर फट दिसतच नव्हती.

मिस्त्रीने टोकदार चाकूने सांधा खरवडला. तपकिरी भुगा निघाला. लाख आणि पॉलिश! फटी भरून वरून घासून चकाकी आणली होती.

लाकूड वर आलेले का होते, तेही त्याने सांगितले. लाकूड सुकते, कालांतराने घासले जाते, पुन्हा तेलपाणी करताना थोडे जाते. म्हणून नव्या दस्त्याला किंचित अंग राखून ठेवतात. पहिल्याच दिवशी पोलादाच्या पातळीवर घासून आणलेले लाकूड दहा वर्षांनी पोलादाखाली जाते. अक्रोडाच्या लाकडातला काळा पट्टा हा झाडाचा रंग, दोष नव्हे. रेषा मात्र मुठीच्या जागी लांबीला धरून धावल्या पाहिजेत, तिरप्या तुटता कामा नयेत.

मला आमचा सुतार आठवला. आमच्याकडे श्रावणात दारे फुगतात हे पालीतल्या पोराला सुद्धा ठाऊक. उन्हाळ्यात फट न ठेवता घट्ट बसवलेले दार पावसात उघडत नाही. ज्या गावातल्या देवळाचे चिरे शिसे ओतून सांधले आहेत असे आम्ही यात्रेकरूंना अभिमानाने सांगतो, त्या गावात वाढूनही सांधा म्हणजे काय हे मला मुंबईच्या मिस्त्रीने चिमणीच्या धुरावर शिकवावे लागले.

त्याने नवा दस्ता बसवला. बसवण्याआधी आप्पांना घरून आणलेली घोंगडी पांघरायला लावली, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग पाऊण इंच लाकूड कापले. दस्ता अगदी साधा, तेल पाजलेला, चमक नाही. जिभेमागे केसाएवढी फट. "डोळ्याला खुपणारे दोष निराळे, खांद्याला खुपणारे निराळे," एवढेच तो निघताना म्हणाला. पुढली वीस वर्षे ती बंदूक आप्पांच्या खांद्याला होती.

अमेरिकेतही तेच

भाच्याचा दुकानदार म्हणतो, हल्ली अशाच येतात. ही तक्रार त्यांच्याकडे नवी नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने आखलेली विंचेस्टरची १८९४ची लिव्हर रायफल ही तिकडे घरोघरची. सत्तर लाखांवर त्या बनल्या. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी बनावट बदलली. घडीव भागांच्या जागी पत्र्याचे ठोकलेले भाग आले, भरीव खिळ्यांच्या जागी पोकळ खिळे आले, आणि यंत्राची पेटी ज्या धातूची केली त्यावर पूर्वीसारखी निळाई धरेना. शिकाऱ्यांनी आधी रंगावर नाक मुरडले. मग लिव्हर चालवताना हाताला कळले की आतही काहीतरी बदलले आहे. आज साठ वर्षांनीही तिथले लोक चौसष्टच्या आधीची रायफल शोधतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

दुसरी कथा मार्लिनची. २००८च्या सुमारास ही जुनी कंपनी रेमिंग्टनच्या हाती गेली. पुढे कनेक्टिकटमधला कारखाना बंद करून काम न्यूयॉर्क राज्यात हलवले. यंत्रे हलवता येतात. यंत्रापाशी तीस वर्षे उभा राहिलेला माणूस सहसा हलत नाही. नव्या जागच्या रायफलींची लाकूडकाम आणि जोडणी बिघडल्याची ओरड वर्षानुवर्षे चालली. रेमिंग्टनचे दिवाळे निघाल्यावर २०२०मध्ये रूगर कंपनीने मार्लिन विकत घेतली, आणि वर्षभर काम बसवून २०२१च्या अखेरीस पहिली रायफल बाजारात आणली.

आपल्याकडे निवड त्याहून कमी. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्य गिऱ्हाइकाला बंदच झाली. मग उरल्या सरकारी कारखान्यांच्या, उदाहरणार्थ इशापूरची ०.३१५ बोअरची रायफल, किंवा कोणाच्या आजोबांच्या विलायती आणि बेल्जमी जुन्या बंदुका. २०२१ साली सरकारी शस्त्र कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, काही खासगी कारखानेही पुढे आले आहेत. गिऱ्हाइकाने मात्र डोळे उघडे ठेवण्याची गरज तीच आहे.

कोणी म्हणेल, नळीवर परीक्षेचा शिक्का असतो ना? असतो, आणि तो पाहावाच. बेल्जममधल्या लिएज शहरी बंदुकांची परीक्षा १६७२पासून होते, इंग्लंडात बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा १८१३ची. नेहमीपेक्षा जबर बार भरून नळी फुटत नाही ना, एवढे ती परीक्षा पाहते. दस्ता तुमच्या खांद्याला बसतो का, हे शिक्का सांगत नाही.

भाच्याला धाडलेले उत्तर

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी भाच्याला सविस्तर लिहिले. त्यातला कामाचा भाग येथे देतो.

बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहा, मग पुढचे. जिभेमागची फट सगळीकडून सारखी असेल तर ती ठेवणाऱ्याचे आभार मान. फट पाहायची ती पुढे, जिथे यंत्राच्या पेटीचे मागचे तोंड लाकडाला भिडते. तिथून उजेड दिसता कामा नये आणि दस्ता हाताने पिळला तर हलता कामा नये. लाकूड किंचित वर असेल तर चालेल, खाली असेल तर नको. काळा पट्टा झाडाचा आहे, कारखान्याचा नाही. लिव्हरवरचा ओरखडा नखाला लागत नसेल तर पहिल्याच हंगामात त्याला दहा सोबती मिळणार आहेत. हवे तर त्याबद्दल किंमत कमी करून माग, पण त्यासाठी बंदूक नाकारू नकोस.

लिव्हर आधी अगदी सावकाश चालव, मग झपाट्याने. दुकानदाराकडे नकली काडतुसे असतात, ती मागून घे. प्रत्येक काडतूस अडखळल्याशिवाय आत जाऊन बाहेर पडले पाहिजे. मिटलेली लिव्हर आपोआप खाली लोंबता कामा नये. बाजूच्या ज्या झडपेतून काडतूस भरतात तिची कड अंगठ्याला कापते का पाहा. स्क्रूच्या खाचा बिघडलेल्या असतील तर कोणीतरी आधी हात घातला आहे असे समज. नळीत खिडकीच्या उजेडाकडे पाहा. कडा एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारख्या दिसल्या पाहिजेत. आणि थंडीत जो कोट घालणार तोच अंगात घालून, डोळे मिटून, बंदूक खांद्याला लाव. डोळे उघडल्यावर माशी मागच्या खाचेत आपोआप दिसली तर बंदूक तुझी.

माशीवरून आठवले. सहावे छायाचित्र मागून घेतलेले होते. ते मी मोठे करून, चष्म्यावर भिंग धरून पाहिले. नळीच्या टोकावरची माशी डावीकडे कललेली दिसत होती. नळी पेटीत फिरवून बसवताना ती उभी यायला हवी, ती तशी आली नव्हती. भाच्याने दिलेल्या तक्रारींच्या यादीत ही गोष्ट नव्हतीच! "रायफल टेबलावर सपाट ठेवून मागून पुन्हा पाहा," मी लिहिले. "माशी खरोखर कललेली असेल तर सही करू नकोस. बाकी सारे माफ."

भाऊबिजेला त्याचा फोन आला. माशी कललीच होती. दुकानदाराने स्वतः ओळंबा लावून पाहिले, कबूल केले आणि रायफल कारखान्याकडे परत धाडली. बदली आलेल्या रायफलीच्या दस्त्यात पहिलीपेक्षाही मोठा काळा पट्टा आहे, तिची झडप जरा कडक आहे आणि ती भाच्याने आनंदाने घरी नेली आहे.

त्या संध्याकाळी मला आप्पांची बंदूक आठवत राहिली. १९९९ साली ते गेले. मला परवाना नको होता, म्हणून मी ती कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदार पावती लिहीत होता. "दस्ता साधा, चरे पडलेले," असे मोठ्याने म्हणत त्याने लिहिले आणि मग सवयीने बंदूक उचलून खांद्याला लावली. "आखूड आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो. घोंगडीच्या मापाची आहे." त्याला काही समजले नाही, आणि मला पुढे बोलवले नाही.

फोन ठेवता ठेवता भाच्याने विचारले, "मामा, मिस्त्रीची ती काजळाची परीक्षा. इथल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून करून घेणार आहे मी. पण काजळ आणू कुठून इथे?"

"अरे, आज दिवाळी ना? सुनेने पणती लावली असेल," मी म्हटले. "तिच्यावर चमचा उपडा धर."